सात पाकळ्यांचं कर्णफूल

पौड, तालुका मुळशी
१४ सप्टेंबर १९६७

प्रिय भिवाजी,

बारा वर्षांनी तुझं नाव कागदावर लिहिते आहे, आणि हे पत्र तुझ्याच हातात पडेल याची मला मुळीच खात्री नाही. पत्ता आहे तो डिचोलीच्या बाजारातल्या एका दुकानाचा, तोही ऐकीव. दुकानाला पाटी नाही, शेजारी पावाची भट्टी आहे, एवढीच खूण. आमचे पोस्टमास्तर म्हणाले, "जयाबाई, असल्या पत्त्यावर पत्र पोचलं तर तो टपालखात्याचा पराक्रमच म्हणायचा." मी म्हटलं, करू दे की त्यांना एखादा पराक्रम. तू जिवंत आहेस की नाहीस, एवढं मला सर्वपित्री अमावास्येच्या आत कळायला हवं. तीन आठवडेही राहिले नाहीत. घाई कशाची, ते शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर पुढचं लिहायचं बळ राहणार नाही. आणि हे पत्र फोडणारा कुणी परकाच असेल, तर त्यानं रागावू नये. त्यानंही शेवटपर्यंत वाचावं, आणि त्याच्याकडे जी जुनी, निळ्या पुठ्ठ्याची वही आहे ती त्याला कुठं मिळाली, एवढं एका कार्डावर कळवावं.

झालं असं, की सांध्याला डाख लावताना फुंकणी वाकडी धरली गेली आणि अंगठ्यापाशी चांगलाच चटका बसला. अडतिसाव्या वर्षी नवशिक्यासारखी चूक! आबा असते तर लेकीला आधी बोलणी बसली असती, मग मलम. दवाखान्यात गेले. गौरी जेवायचा दिवस, त्यामुळे तिथं कुणी नव्हतं. जूनपासून रत्नाबाई म्हणून नवीन नर्स आल्या आहेत, सावंतवाडीकडच्या. पट्टी बांधायला त्या वाकल्या आणि त्यांच्या कानातलं माझ्या नाकासमोर आलं. लहानसं कमळ, त्याखाली उलटी घंटा, आणि घंटेची कड डाव्या अंगाला तुटलेली. मी हात असा मागे ओढला की त्यांना वाटलं मलम झोंबलं. मी विचारलं, बाई, हे मोडलंय का? तर हसून म्हणाल्या, "नाय गो, डिचोलीत घेतलंय तेवापासून असांच असा. दुकानातली बाय म्हणाली, ह्यां असांच असता."

हे असंच असतं! भिवाजी, हे वाक्य तू किती गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकलंस त्याचा हिशेब नाही. मी त्यांच्याकडून ते कानातलं मागून घेतलं आणि उलटं करून पाहिलं. मागे डाख नुसता थापलेला, शेणाची गोवरी थापावी तसा. तुझ्या हातालाही डाखाचं प्रमाण कधी जमलं नाही. आणि ती घंटा आपण कधीच केली नव्हती. पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात बेडशाच्या लेण्यात, खांबावरच्या त्या बाईच्या कानात ती तुला दिसली, तू तिचं चित्र वहीत उतरवलंस, कड जिथं फुटली होती तिथं चित्रातही फुटकीच ठेवलीस, आणि ऑगस्टात गोव्याला जाताना ती वही पिशवीत घालून नेलीस. म्हणजे डिचोलीतला तो सोनार एकतर तू आहेस, नाहीतर तुझी वही कुणाला तरी सापडली. कुठं सापडली असेल, त्याचा विचार मी दोन दिवस टाळते आहे.

या दोन दिवसांत सगळं आठवत बसले. तानुबाई आठवते का तुला? वरच्या वाडीची, मध विकायला यायची ती. तिच्या आजीचं कसलंसं दंडातलं कडं मोडीला घेऊन ती आमच्या दुकानात आली होती. आबांनी धातू वितळवायची मूस शेगडीत ठेवली, कडं उचललं, आणि तू उंबऱ्यातूनच ओरडलास, थांबा! नुकताच पुण्याहून इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकून आला होतास, शाळेत लागून महिना झाला नव्हता, आणि गावातल्या सोनाराला काम थांबवायला सांगत होतास. आबांची भिवई वर गेली. तानुबाई म्हणाली, "आरं गुरुजी, वितळू दी की. मला घरी जायाचंय, लेकरं उपाशी हायेत." तू म्हणालास, वितळवा, पण त्याआधी मला एकदा काढून घेऊ दे. आबांना वाटलं कडं काढून घ्यायचं म्हणतोयस. तू पाटी मागितलीस आणि चित्र काढायला लागलास. ते इतकं वाईट होतं की मला राहवलं नाही. आतून येऊन मी तुझ्या हातातली पेन्सिल घेतली. आपला धंदा त्या पेन्सिलीपासून सुरू झाला, असं मी समजते. तू मात्र लोकांना काही भलतंच सांगायचास, की लेण्यात बसल्या बसल्या तुला सुचलं वगैरे.

मग तो रिवाजच पडला. मोडीला आलेला दागिना आधी मी वहीत उतरवायचा, तू बाईला विचारायचं की हा कुणाचा, कधी घालत, कोण घालत, कोण घालत नसे, आणि मगच आबांनी तो मुशीत टाकायचा. बायका कंटाळायच्या. पण काही काही बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. त्या वहीतून आपण चांदीत आणि पितळेत पहिले सहा नमुने केले. बघणारीनं विचारावं, ही ठुशी का? नाही. मग चिंचपेटी का? तीही नाही. वज्रटीक? नाही, नाही. तू म्हणालास, झालं, नाव सापडलं, उपनिषदातल्या ऋषींनी आपल्यासाठी आधीच ठेवून दिलंय. 'नेति अलंकार, पौड'. आबांनी कपाळावर हात मारला. दुकानाचं नाव नकारानं सुरू करणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

पण तुझ्या मनात खरं काय होतं ते मला पुढे कळलं. आपल्याकडे प्रत्येक दागिन्याला नियम. हे सवाशिणीचं, हे कुमारिकेचं, हे लेकुरवाळीचं, हे अमुक जातीचं, आणि विधवेचं काहीच नाही. माझं लग्न चौदाव्या वर्षी झालं आणि सोळाव्या वर्षी मी बांगड्या फोडून पौडला परत आले. नवऱ्याचा चेहरा आता नीट आठवतही नाही. लिहायला लाज वाटते, पण आहे ते असं आहे. त्यानंतर दिवसभर दागिने घडवायचे आणि कान, गळा, हात रिकामे ठेवायचे, यात मला काही वावगं वाटत नव्हतं. हलवायाच्या घरात साखरेचा आजार असावा तसं ते होतं, सवयीचं. तू मात्र एक दिवस चिठ्ठी लिहून माझ्यापुढे ठेवलीस. प्रत्येक दागिन्याच्या डबीत घालायची ती चिठ्ठी. वर दागिना कुठल्या लेण्यातला, कुठल्या वाडीतला, कुठल्या काळातला ते, आणि खाली दोन ओळी: 'हा कुणी घालावा याचा नियम आता कुणालाच आठवत नाही. म्हणून तो कुणीही घालावा.' वाचून मी तुझ्याकडे पाहिलं नाही. शेगडी फुंकत बसले. डोळ्यांत धूर गेला असं आबांना सांगितलं.

किती साधी युक्ती होती रे ती. इतिहासात इतकं मागे जायचं, की अडवायला कुणी उरणारच नाही. आणि ती चालली. पुण्याच्या शाळांतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्सेस, एक वकिलीण, घोटावड्याची एक तरुण विधवा जी चोरून दोनदा आली आणि तिसऱ्यांदा सासूला घेऊन आली! ती सासू चिठ्ठी दोनदा वाचून घेऊन म्हणाली, "दोन हजार वर्सांचं हाय म्हंता? मंग त्याला कोन काय म्हननार!" तू तिला नमस्कार केलास. ती घाबरली.

चुका आपण कमी केल्या का? पहिलं कर्णफूल तू लेण्यातल्या दगडी कानावरून सुतळीनं मापून आणलंस आणि आबांनी बरहुकूम केलं. तुझी चुलतबहीण सोनी ते घालून बसली आणि पाव तासात रडायला लागली. आबा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, दगडाचा कान वघळत न्हाई." मग निम्म्या मापाचं केलं. त्या कमळाला आठ पाकळ्या हव्यात, पण लेण्यात एक पाकळी उडालेली, म्हणून तू हट्टानं सातच ठेवायला लावल्यास. आठवीची जागा मोकळी. मी म्हटलं, अरे, शिल्पकारानं आठच केल्या असतील ना? तू म्हणालास, असतील, पण मी त्या पाहिलेल्या नाहीत, आणि न पाहिलेलं मी त्याच्या नावावर खपवणार नाही. गिऱ्हाइकं पाकळी पडली म्हणून परत आणायची. "हे असंच असतं," तू सांगायचास, आणि वर इतिहासाचा अर्धा तास. कुठलाही सोनार ते हातात घेईल तर पहिल्यांदा पाकळी भरून देईल. म्हणून तर रत्नाबाईंच्या कानातली फुटकी कड पाहताच मी ते काढून मागितलं. शहाणा कारागीर अशी कड ठेवणार नाही. असा वेडा मला एकच माहीत आहे.

आपलं मोठं भांडण आठवतंय? तू शाळेतल्या मुलांना शिकवावं तसं मला शिकवत होतास, की दागिना मोडला तरी सोनं कुठं जातं? नाव आणि रूप जातं, सोनं राहतं, तसंच माणसाचं. मला एकदम राग आला. म्हटलं, हे दृष्टांत देणाऱ्यांनी आयुष्यात एक दागिना तरी वितळवलाय का? आमच्या दुकानात रोज वितळतात. सोनं राहतं हे आम्हाला कुणी सांगायला नको, तेच तर परत देतो आम्ही तिच्या हातात, लगड करून. तरी बाई रडतेच ना? ती त्या बोरमाळेसाठी रडते, जी तिच्या आईच्या गळ्यात होती. तिला लगड नको असते. तू हातातला गार चहा खाली ठेवलास. मग म्हणालास, जया, तू परीक्षक असतीस तर मी नापास झालो असतो. त्या दिवशी चारचौघांतलं 'गुरुजी' माझ्या तोंडातून गळून पडलं, आणि भट्टीसमोर तू मला भिवाजी झालास. आज तेच पुन्हा सांगते. तुझ्यातलं जे अविनाशी असेल ते असो बापडं. मला तू हवा होतास. सुतळी तोंडात धरून खांबाला मिठी मारणारा, डाख थापणारा, बोलताना चहा गार करणारा तू.

आता ते लिहिते जे बारा वर्षं कुणाशी बोलले नाही. पंचावन्नच्या जुलैत पुण्यात बायकांच्या एका संस्थेनं आपल्याला प्रदर्शनाला बोलावलं. टेबलामागे मी बसायचं ठरलं, आणि मी सात पाकळ्यांचं कर्णफूल घालून बसेन असं तुला कबूल केलं. चार दिवस आधी सुईनं कान पुन्हा टोचून घेतले, चोरून, कडुनिंबाची काडी घालून ठेवली. सकाळी एस. टी.त डबी माझ्या मांडीवर होती. पण तिथं पोचल्यावर पौडच्याच दोन बायका दारात दिसल्या आणि माझं सगळं धैर्य पातळ झालं. पदर कानांवरून ओढून घेतला आणि बसले. दुपारी एक पोरगी आली, विशीची असेल, कपाळ पांढरं. चिठ्ठी वाचून तिचे डोळे असे उजळले! कर्णफूल हातात घेऊन तिनं मला विचारलं, "तुम्ही नाही घालत?" मी पटकन बोलून गेले, "मला कशाला?" तिनं ते जिथून उचललं होतं तिथंच नीट ठेवलं आणि निघून गेली. तू शेजारीच उभा होतास.

येताना एस. टी.नं पुणं मागे टाकलं. मग खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणालास, "आपण विकतो ते आपल्यालाच पटलेलं नाही." 'आपण' म्हणालास, 'तू' म्हणाला नाहीस, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. तीन आठवड्यांनी गोव्याला सत्याग्रहींच्या तुकड्या निघाल्या, आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात शाळेची घंटा सोडून काही वाजवलं नव्हतं तो त्यांत नाव देऊन आला. निघताना दुकानात आलास. आबांच्या पाया पडलास. मला म्हणालास, "नुसतं चिठ्ठीत लिहून भागत नाही, जया. एकदा आपण होऊन पुढं व्हावं लागतं." मला ते टोमण्यासारखं लागलं. मी मान वर केली नाही, हातातलं काम करत राहिले. खरं सांगू? हातात काम नव्हतंच. रिकाम्या ऐरणीवर मी हातोडी मारत होते, तू जाईपर्यंत.

नंतरचं तुला कुणी सांगितलं असेल की नसेल, माहीत नाही. तुझ्या तुकडीतली माणसं परत आली. गोळीबार झाला, पांगापांग झाली, पावसात कोण कुठं गेलं कळलं नाही, एवढंच ती सांगू शकली. मेलेल्यांत तुझं नाव नव्हतं आणि पकडलेल्यांतही नव्हतं. एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला तेव्हा हैबतराव, तुझे थोरले भाऊ, स्वतः जाऊन तुरुंग, दवाखाने, सगळं पालथं घालून आले. मालेला तुमच्या घरी परतताना आमच्या दुकानासमोर बैलगाडी थांबवली, खाली उतरले नाहीत, नुसती मान हलवली. आबा त्याच्या पुढच्या वर्षी गेले. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं, पण हातानं चाचपून सांगायचे, "पोरी, हितं उंच राहिलंय." त्रेसष्टात सोन्याचा कायदा आला आणि गावोगावचे सोनार देशोधडीला लागले. आपलं निभावलं, कारण आपण चांदी-पितळेचे. तुझ्या तत्त्वज्ञानानं निदान एवढं केलं. 'नेति'चा ठसा मी बंद पडू दिला नाही. चिठ्ठ्या अजून तुझ्याच मजकुराच्या. शाळेत आता नवीन मास्तर आहेत, ते मुलांना मारत नाहीत पण गोष्टीही सांगत नाहीत. आणि प्रदर्शनातला तो माझा भित्रा कान, त्याचंही सांगून टाकते. छप्पन्नच्या संक्रांतीला मी कर्णफूल घालून भर बाजारातून चालत गेले. कुणी काही म्हटलं नाही, भिवाजी. भाजीवालीनं वर बघून विचारलं, "केवढ्याचं हाय गं?" एवढंच. ज्याला मी इतकी घाबरले होते ते एवढंच होतं. आणि ते बघायला तू नव्हतास.

रत्नाबाईंना मी खोदून खोदून विचारलं. कारागीर त्यांनी पाहिला नाही. आतून ठोक्यांचा आवाज येत होता आणि पुरुषमाणूस खोकत होता, एवढंच त्यांना आठवतं. बाहेर बसलेली बाई होती तिशीची, गोरी, अबोलीच्या फुलांचा वळेसर केसात माळलेली. ती कोण, हे विचारायचा मला अधिकार नाही, तरी विचारते. तुझी बायको असेल तर बरं झालं, कुणीतरी तुझ्या जेवणाकडे बघत असेल. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं, चांगलं दिसतं म्हणून ठेवलं आहे, पण ते मनापासूनचं नाही. मनापासूनचं असं आहे, की मला तिचा मत्सर वाटतो. 'हे असंच असतं' हे सांगायचं काम माझं होतं. ते तिनं करावं याचा मत्सर वाटतो. आणि तू तिकडं बसून बेडशाचं कर्णफूल करतोस, बारा वर्षांत पोस्टाचं एक कार्ड तुला मिळालं नाही, याचा इतका संताप येतो की आत्ता समोर असतास तर फुंकणी फेकून मारली असती. तुझ्या पायाला काही झालं का? कुठं कोंडून ठेवलं होतं का? की परत यायचं नाहीच असं ठरवलंस, माझ्या त्या 'मला कशाला'मुळे? असेल तर तेही लिही. मी सोसेन. नुसतं न कळणं मात्र आता सोसवत नाही.

आता घाई कशाची ते. श्रावण सरता सरता तुझी आई दुकानात आली, हैबतराव बरोबर होते. रंभाबाई आता पार वाकली आहे रे, उंबरा चढताना तिला हात द्यावा लागला. म्हणाली, "बारा वर्सं भरली, जया. हैबती म्हंतो, पळसाच्या पानांचा पुतळा करू नि सर्वपित्रीला अग्नी दिऊ. घट बसायच्या आत त्याचा टाक देव्हाऱ्यात बसला पायजे." तुझा टाक, भिवाजी. लग्न न होता गेला म्हणून वीराचा, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. टांग्याच्या घोड्यालाही तू वळसा घालून जायचास! पदराची गाठ सोडून तिनं तुझे लहानपणचे पायातले वाळे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, ह्याचीच चांदी घाल. मी म्हटलं, पुण्यात माझ्याहून चांगले कारागीर आहेत. तर माझा हात धरून म्हणाली, "न्हाई. तुज्याच हातनं व्हऊ दे. दुसऱ्या कुनाचा हात त्याला चालायचा न्हाई. मी म्हातारी झाले, आंदळी न्हाई झाले." बारा वर्षांत तुझ्यासाठी रडायचा हक्क मला कुणी दिला नव्हता. तिनं दिला, तोही तुझा टाक ठोकायचं काम हातात ठेवून. नर्सबाईंच्या कानातलं मी तिला अजून सांगितलेलं नाही. वही दुसऱ्याच कुणाकडे निघाली, तर तिला तुला दोनदा गमवावं लागेल. आणि तू जिवंत असताना मी टाक ठोकला, तर तुला माझ्याच हातांनी मारल्यासारखं होईल. तू याला भाबडेपणा म्हणून हसशील. हस, पण पत्रातून हस. वाळे फळीवर आहेत, मूस कोरडी ठेवली आहे, अमावास्या तीन ऑक्टोबरला. तुला काही नको असेल तर फक्त 'वाळे परत दे' एवढं लिहून टाक, मी ते तुझ्या आईच्या हातात नेऊन देईन आणि जिवंत आहेस एवढंच सांगेन. कुठं आहेस ते सांगणार नाही, न येण्याचं कारण विचारणार नाही, ये म्हणणार नाही. हे शेवटचं खोटं लिहिलं. ये.

आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक यादीखाली नुसतं 'जया, नेति अलंकार' असायचं. आज पहिल्यांदा लिहिते,

तुझीच
जया